डावीकडून येणारा चेंडू

माझा धाकटा भाऊ फुकटच्या खेळांना नावं ठेवतो. दुसरा छंद नाही, व्यसन नाही, लग्न नाही. ते छोटे छोटे खेळ असतात ना, मोबाइलवर काही उतरवून घ्यावं लागत नाही, साइट उघडली की लगेच सुरू होतात, तेच. कुठे फुगे फोडायचे, कुठे गाडी लावायची, कुठे चेंडू अडवायचा. बाकीची माणसं चार डाव खेळतात आणि कंटाळा आला की सोडून देतात. आमचा हा खेळ संपला की खाली जाऊन आपलं मत लिहितो, आणि त्याला एवढा वेळ लावतो की बघणाऱ्याला वाटावं, कोर्टाचा निकाल लिहितोय.

तिथे त्याने नाव घेतलंय ‘उंटावरचा शहाणा’. हे नाव मुळात कामावरच्या लोकांनी ठेवलेलं. हा क्रेनच्या केबिनमध्ये उंच बसणार आणि तिथून खालच्यांना अक्कल शिकवणार, म्हणून. दुसरा कुणी असता तर भडकला असता. ह्याने ते नाव मिरवलं.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. झिपा बदलायच्या, पँटची उंची कमी करायची, रफू करायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइल उघडायची आणि जेवणाच्या सुट्टीत आमच्या ह्या साहेबांनी आज कुणाची चंपी केलीय ते वाचायची. फुग्यांच्या खेळाखाली लिहिलेलं: “फुगा फुटल्याचा आवाज कुकरच्या शिट्टीसारखा येतो. बनवणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी फुगा फोडून बघावा. एक तारा.” गाडी लावायच्या खेळाखाली: “ह्या गाडीपेक्षा माझ्या बहिणीचं कपाट लवकर वळतं. दोन तारे, त्यातला एक रंगाला.” मी एकटीच मशीनवर बसून खिदळायची. खाली बाकीचे खेळणारे त्याला डिवचायचे, हा उलट टोले द्यायचा, आणि माझी दुपार मजेत जायची.

“अरे, बिचारे फुकट देतात ना? मग कशाला बोलतोस?” असं मी एकदा म्हटलं.

“फुकट जेवायला घातलं म्हणून कुणी भातात खडे वाढतं का, ताई?”

आई गेली तेव्हा हा शाळेत होता. मीच वाढवला, त्यामुळे हे तोंड कुणी दिलं म्हणून ओरडायचीही सोय नाही. माझ्या हातचं जेवताना रोज काहीतरी काढायचाच. आज मीठ कमी, आज तेल जास्त, आज पोळी कडक. ज्या दिवशी काही बोलला नाही त्या दिवशी मी कपाळाला हात लावून ताप बघायची.

पण कामात मात्र बोट दाखवायला जागा नाही. आधी लोखंड वाहिलं, मग खाली उभं राहून हाताने खुणा करायला शिकला, मग परीक्षा देऊन केबिनमध्ये गेला. पहिल्या दिवशी वरून उतरला तेव्हा मला म्हणाला, “ताई, वर कुणी कुणाला ढकलत नाही गं. मी एकटा आणि सगळं गाव पायाखाली.” त्या एका वाक्यासाठी मी त्याच्या जेवणावरच्या सगळ्या तक्रारी माफ केल्या होत्या.

आणि खाली त्याच्यासाठी खुणा करायला कोण? तर आमचे हे. माझा नवरा. वर मेहुणा, खाली भावोजी. ओझं उचल, थांब, डावीकडे घे, खाली सोड, हे सगळं हे हातांनी सांगणार आणि तो वरून तसं करणार. वॉकीटॉकी होता, पण नावाला. त्या खडखडाटात तो कानाला लावला तरी शब्द कळायचा नाही. लोक थट्टा करायचे की हे दोघं घरचंच काम काढून बसलेत. मला त्या थट्टेचं बरं वाटायचं. नवरा ओझ्याखाली उभा असतो हे मला माहीत होतं, पण वरच्या खटक्यांवर माझ्या भावाचा हात आहे म्हटल्यावर मी निर्धास्त होते.

त्यांच्या खुणांपैकी एक आमच्या घरात आली होती. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरले की थांबायचं, तिथल्या तिथे. ही खूण कुणीही करावी, मजुराने, साहेबाने, रस्त्यावरच्या माणसानेही. वरच्याने का म्हणून विचारायचं नाही, आधी थांबायचं. मी आग्रहाने वाढायला गेले की हा जेवता जेवता दोन्ही हात पसरायचा. “आणीबाणी! आणीबाणी!” मग हेही पसरायचे. मी पळी हातात घेऊन दोघांच्या मध्ये उभी.

त्याची एक रड मात्र अलीकडे सगळ्या खेळांखाली दिसायला लागली. सुरुवात त्या चेंडूच्या खेळापासून झाली. साधा खेळ. चारी बाजूंनी चेंडू येतात आणि आपण खालची फळी सरकवून ते अडवायचे. हा लिहितो: “डावीकडून खालच्या अंगाने येणारा चेंडू दिसतच नाही. एकदम फळीजवळ उगवतो. बनवणाऱ्याने डोळे उघडून खेळ तपासावा. एक तारा.” मग माशांच्या खेळाखाली, डावीकडचा मासा अचानक येतो. मग गाडीच्या खेळाखाली, डावीकडचा खांब आयत्या वेळी काढतात, ही लबाडी आहे. खेळणाऱ्यांना तर आयतंच सापडलं. ‘शहाण्याच्या डावीकडे भूत आहे’ असं एकाने लिहिलं, आणि मग जो तो भुताला नमस्कार सांगायला लागला. मीसुद्धा हसले. हसण्यासारखंच होतं ते.

त्या दुपारी शाळेतल्या बाई त्यांच्या पर्सची झिप लावून घ्यायला आल्या होत्या. त्या स्टुलावर बसल्या, मी झिप लावत होते, आणि मशीनशेजारी मोबाइल उघडा होता. चेंडूच्या खेळाखाली ज्याने खेळ बनवला त्याचं उत्तर आलेलं. त्याचं उत्तर म्हटल्यावर मी हातातलं सोडलं. भांडण वाचायला मिळणार म्हणून खूश झाले होते मी.

भांडण नव्हतं. त्याने लिहिलं होतं: “शहाणे दादा, तुमच्या तक्रारीनंतर मी खेळ पुन्हा पुन्हा तपासला. चूक सापडली नाही. म्हणून परवा तुम्हाला न सांगता सगळा खेळ उलटा केला, आरशात दिसतो तसा. जो चेंडू तुम्हाला डावीकडे दिसत नव्हता तो आता उजवीकडून येतो. आता कसं वाटतंय?”

खाली आमच्या शहाण्याचं उत्तर: “उजवीकडचा आता झकास. पण आता डावीकडचा दुसराच चेंडू गायब केलात. एक दुरुस्त करता, दुसरं बिघडवता. एक तारा कायम.”

आणि त्याखाली, त्याच सकाळचं, बनवणाऱ्याचं: “दादा, रागावू नका. दुसरा चेंडू मी गायब केलेला नाही. तो आधी उजवीकडे होता आणि तेव्हा तुम्हाला दिसत होता. मी काहीही डावीकडे नेलं तर ते तुम्हाला दिसत नाही. बिघाड माझ्या खेळात नाही. डॉक्टरांना दाखवा. आणि तुम्ही गाडी किंवा मशीन काही चालवत असाल तर कृपा करून आजपासून चालवू नका.”

ह्याला आमच्या भावाने जेवणाच्या सुट्टीत उत्तर दिलं होतं. “मी काय चालवतो ते ऐकलंत तर चक्कर येईल. माझे डोळे सरकारमान्य आहेत. आपलं काम नीट करा.”

मी ते दोनदा वाचलं.

डोळे सरकारमान्य होते, हे खरं. महिन्यापूर्वीच कामावर तपासणी झाली होती. भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटची, मुंगीएवढी अक्षरं ह्याने धडाधड वाचली आणि घरी येऊन आमच्यापुढे फुशारकी मारली. मी मनाला तेच सांगत होते, की अगं, पास झालाय तो, कुणीतरी खेळ बनवणारा पोरकट माणूस काहीतरी लिहितो आणि तू घाबरतेस काय.

पण मन कुठलं ऐकायला! एकेक गोष्ट वर यायला लागली. ताटात डाव्या हाताला वाढलेलं तसंच राहायचं. मला वाटायचं, नखरे. मी ताट फिरवून म्हणायची, हे कोण खाणार, तुझा बाप? की लगेच खायचा, जणू आत्ताच वाढलंय. चहाचा कप डावीकडे ठेवला की त्याचा हात लागून सांडायचा. दुकानाच्या दारातून आत येताना डावा खांदा चौकटीला आपटायचा, आणि दरवेळी चौकटीलाच शिव्या. “डोळे काय खिशात ठेवलेत का रे?” असं मी कितीतरी वेळा म्हटलं असेल. म्हणायचं आणि विसरून जायचं, घरात आपण असंच बोलतो.

आणि मग आठवलं की आत्ता ह्या घडीला जेवणाची सुट्टी संपली, माझा भाऊ वर चढला, आणि खाली माझा नवरा उभा आहे.

मोबाइल लावून उपयोग नव्हता. कामावर शिरताना सगळ्यांचे मोबाइल फाटकावरच्या कपाटात बंद होतात, जेवणाच्या सुट्टीपुरते तेवढे हातात मिळतात. मी तरी ह्यांना लावला. रिंग वाजत राहिली. भावाला लावला. तीच गत.

“बाई, जरा दुकान बघा,” मी म्हटलं.

“अहो, पण माझी पर्स...”

“पर्सही बघा!”

दोन गल्ल्या सोडून ते काम चालू होतं. दुकानातून बाहेर आलं की क्रेनचा वरचा भाग दिसायचा. रोज बघायची मी तो, कौतुकाने. त्या दिवशी तो फिरताना दिसला. म्हणजे काम सुरू झालेलं होतं. मी पळत सुटले. गळ्यात मोजायची टेप, पायात घरातल्या चपला, एक चप्पल तर कोपऱ्यावरच तुटली. एका माणसाने विचारलं, काय झालं हो ताई, आग लागली का? मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डोक्यात एकच चाललं होतं, ह्यांना आज उजवीकडे उभं राहायची बुद्धी होवो.

फाटकावर रखवालदार. हा बाबा मला चांगला ओळखतो, त्याच्या पोराची पँट मीच लांब करून दिलीय. तरी काठी आडवी.

“पास?”

“पास कसला? क्रेन थांबवा! आधी क्रेन थांबवा!”

“साहेबांना विचारतो. तुम्ही इथे बसा.”

“अहो, विचारत काय बसता! माणूस मरेल तिथे!”

“वहिनी, नियम आहे. हेल्मेटशिवाय...”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. त्याच्याच डोक्यावरचं हेल्मेट काढलं, माझ्या डोक्यावर घातलं आणि काठीखालून आत घुसले. तो मागून ओरडत राहिला.

आत आवाजच आवाज. सिमेंट कालवायचं यंत्र धडधडत होतं, कुणी सळ्या कापत होतं. मी वर बघितलं. सळ्यांचा भलामोठा जुडगा दोरांना लटकत होता आणि क्रेन तो हळूहळू फिरवत होती. डावीकडे. मग मी खाली बघितलं.

केबिनच्या उजव्या हाताला पाइप टाकायला जमीन खणून ठेवली होती. नुसता खड्डा आणि मातीचा ढीग. आणि हे होते डावीकडे. मागे विटांची रास, बाजूला पत्र्याचं कुंपण. मागे सरकायला जागा नाही. हात वर करून थांबायची रोजची खूण करत होते, थांब, थांब, आणि ओझं थांबत नव्हतं. त्याच संथ चालीने ते ह्यांच्याकडे येत होतं. केबिनच्या काचेतून माझ्या भावाचं डोकं दिसलं. तो ओझ्याकडे बघत होता, अगदी मन लावून. ह्यांच्याकडे बघत नव्हता. त्याच्यासाठी तिथे कुणी नव्हतंच.

मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. पहिलं मनात आलं की ह्यांच्याकडे पळावं, हाताला धरून ओढावं. पाऊलही टाकलं. आणि मग कुठून सुचलं देव जाणे, की अगं बये, तिकडे गेलीस तर तूही दिसणार नाहीस त्याला. एकाच्या जागी दोघं जातील.

मी उलटी वळले. नवऱ्याकडे पाठ करून पळाले मी, उजवीकडे. त्या मातीच्या ढिगाऱ्यावर हातापायांनी चढले. माती घसरत होती, दुसरी चप्पलही गेली. वर उभी राहिले आणि दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे पसरले. जेवताना तो पसरतो तसेच.

बघ रे, मेल्या, बघ, असं मी म्हणत होते. रडत होते की काय, मला आठवत नाही.

काचेतलं डोकं माझ्याकडे वळलं. क्रेन थांबली. ओझं जागच्या जागी झोके घ्यायला लागलं, पुढे, मागे. पुढे आलं की सळ्यांची टोकं ह्यांच्या हेल्मेटच्या वरून जायची. हे विटांना पाठ चिकटवून खाली बसले होते. मी हात खाली घेतले नाहीत. भरून आले, थरथरायला लागले, तरी घेतले नाहीत. झोका थांबेपर्यंत माझा जीवही तिथेच टांगलेला होता.

मग हे विटांच्या बाजूने सरपटत बाहेर आले आणि माझ्याकडे धावले. चेहरा पांढराफटक, तरी माझ्यावरच ओरडायला लागले.

“अगं, वेड लागलंय का तुला? इथे कशी आलीस?”

“तुमच्या मेहुण्याला डावीकडचं दिसत नाही!”

मला वाटलं होतं, हे विचारतील, काय बोलतेस? कुणी सांगितलं? तसं काही झालं नाही. ह्यांनी मान खाली घातली. आणि मला कळलं.

“तुम्हाला माहीत होतं?”

“दिसत नाही असं नाही... त्या बाजूला त्याचं लक्ष राहत नाही. मागे एकदा ओझं डोक्यावरून गेलं, तेव्हा ध्यानात आलं. तेव्हापासून मी उजवीकडेच उभा राहतो. मी तिकडे आहे तोवर काही बिघडत नव्हतं.”

“आणि आज?”

“आज खणलंय तिकडे. वाटलं, एक दिवस निभावेल.”

“निभावेल! साहेबांना सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं की त्याला खाली उतरवतील गं. परत कुणी वर चढवत नाही. त्याचं काय आहे दुसरं?”

माझ्या भावाची केबिन जाऊ नये म्हणून हा माणूस रोज सकाळी डबा घेऊन त्याच्या ओझ्याखाली उभा राहायला जात होता, आणि घरी येऊन माझ्यासमोर मूग गिळून बसत होता. मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटली. दोन्ही केलं नाही, कारण तेवढ्यात भाऊ शिडीवरून उतरून तावातावाने आमच्याकडे आला.

“ताई! कामाच्या जागी येऊन तमाशा? आणीबाणीची खूण म्हणजे घरातली थट्टा वाटली तुला? साहेब आता माझी खरडपट्टी काढतील!”

माणसं गोळा झाली होती. साहेबही येताना दिसत होते. मी त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला माझ्यासमोर उभा केला.

“माझ्या तोंडाकडे बघ. मान हलवायची नाही.”

“काय चाललंय तुझं?”

“बघ म्हणते ना! मी वाढवलाय तुला. माझ्याकडेच बघायचं.”

तो बघायला लागला. मी डोळ्यांनी ह्यांना खुणावलं. हे सावकाश आले आणि त्याच्या डाव्या हाताला, जरा पुढे, गुडघ्यांवर बसले. इतके जवळ की हात लांब केला तर लागला असता. बसून ह्यांनी हात वर केला, कामावर करतात तसा, थांब.

“भावोजी कुठे आहेत तुझे?” मी विचारलं.

“मला काय माहीत? आत्ता तर इथे होते. पाणी प्यायला गेले असतील.”

सळ्या कापणाऱ्यानेही यंत्र बंद केलं होतं.

“का? काय झालं?” तो म्हणाला. मग त्याने माझ्या डोळ्यांत काय बघितलं कोण जाणे, मान हळूच डावीकडे वळवली आणि त्याला हे दिसले. गुडघ्यांवर बसलेले, हात वर केलेले.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने वर लटकलेल्या सळ्यांकडे बघितलं, तिथून विटांच्या राशीपर्यंत बघितलं, जिथे ह्यांचं हेल्मेट पडलेलं होतं. मग तो तिथेच मातीत बसला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे उत्तम आहेत, म्हणून तर तक्त्यावरची अक्षरं वाचता आली. बिघाड डोळ्यांच्या मागे होता. डोक्यात एक गाठ वाढत होती, साधीच, पण दाबत होती. त्यामुळे दोन्ही डोळ्यांचा डावा खालचा कोपरा गेला होता. म्हणाल्या, तिथे अंधार दिसत नाही, काहीच नसतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. तुम्हाला कसं कळलं? मी सांगितलं, चेंडूच्या खेळावरनं. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

गाठ काढली. जीव वाचला. थोडी नजर परत आली, थोडी आली नाही. केबिन गेली. त्याला सामानाच्या खोलीत काम दिलं, दोर मोजायचे, आकडे तपासायचे. तो जायचा आणि यायचा. पण माझ्याशी बोलायचा नाही. रागाने नव्हे, राग असता तर मी भांडून मिटवला असता. नुसता गप्प. ह्यांच्यासमोर तर मानच वर करायचा नाही. हे म्हणायचे, “अरे मेहुणे, मी धडधाकट आहे, बघ तरी!” तर उठून जायचा.

जेवायला बसला की जे वाढेन ते खायचा. एक दिवस मी मुद्दाम मीठ टाकलंच नाही. खाल्लं. त्या रात्री मी न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले. नवरा वाचवायला म्हणून मी त्या ढिगाऱ्यावर चढले होते, आणि भाऊ तिथेच ठेवून आले असं मला वाटायला लागलं.

खेळांखाली लोक विचारत होते, शहाणा कुठे गेला? भूत कसं आहे? चेंडूवाल्यानेही विचारलं होतं, “दादा, दाखवलंत का?” मी वाचायची. उत्तर द्यायला बोटं शिवशिवायची, पण ते त्याचं होतं, त्यानेच द्यायला हवं होतं.

मग एका दुपारी शाळेतल्या बाई आल्या, ह्या वेळी छत्रीचं कापड शिवायला घेऊन. मी सवयीने मोबाइल उघडला आणि हातातली कात्री खाली ठेवली. चेंडूच्या खेळाखाली नवीन मत होतं.

“खेळ अजून भिकारच आहे. रंग डोळ्यांत खुपतात. आवाज बंद करायची सोय नाही. पण डावीकडच्या चेंडूबद्दलची माझी तक्रार मागे घेतो. चेंडू येतो. पहिल्यापासून येत होता. मला दिसत नव्हता, आणि मला दिसत नव्हतं त्या बाजूला माझे भावोजी उभे होते. तुम्ही लिहिलंत त्याला मी उद्धट उत्तर दिलं. माफी मागतो. तारा मात्र एकच, कारण खेळ आहे तसाच आहे.”

खाली बनवणाऱ्याचं उत्तर आलंही होतं: “दादा, तारा नको, तुम्ही आहात हे पुष्कळ झालं. आवाज बंद करायचं बटण आजच करतो. तुमच्यासाठी उजवीकडे ठेवू का?”

आणि आमच्या शहाण्याचं: “डावीकडेच ठेवा. मी मान वळवीन.”

“काय झालं हो?” शाळेतल्या बाईंनी विचारलं. “पुन्हा दुकान बघू का?”

मी मानेनेच नको म्हटलं.

संध्याकाळी तो जेवायला बसला. एरवी मी त्याला दिसावं म्हणून उजवीकडे बसायची, त्या दिवशी त्याच्या डाव्या हाताला बसले. ताटात भाजी वाढली, डावीकडेच. हे समोर होते. तो उजवीकडचं खात राहिला, आणि मी त्याच्या ताटाकडे बघत बसले.

मग त्याने सावकाश मान वळवली. आधी भाजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. एक घास खाल्ला.

“ताई,” तो म्हणाला, “मीठ कमी आहे.”